बोट काढले तरी चढणारी काच

मोटारीच्या दाराची काच वर-खाली करण्यासाठी पूर्वी दाराला आतून एक हँडल असे. अँबॅसडर, प्रीमियर पद्मिनी किंवा १९८३ साली आलेली मारुती ८०० यांतून प्रवास केलेल्यांना ते आठवत असेल. हँडलचे काही फेरे मारले की काच चढे. मध्येच कोणाचे बोट आले, तर फिरवणाऱ्याच्या मनगटाला जडपणा जाणवे आणि हात थांबे. आता बहुतेक गाड्यांत हँडलच्या जागी बटण आले आहे. बटण दाबणाऱ्या बोटाला काचेचा जडपणा कळत नाही. काच मोकळी चढत असो की कशाला अडलेली असो, बटण सारखेच हलके लागते. काही गाड्यांत तर याच्याही पुढची सोय असते. बटण एकदा पूर्ण ओढून सोडून दिले की काच स्वतःहून शेवटपर्यंत चढते. हिला 'एका स्पर्शाची' किंवा 'वन-टच' काच म्हणतात.

येथे एक प्रश्न विचारू. बटणावर बोट नसतानाही चढणारी काच आणि बोट दाबून धरले तरच चढणारी काच, यांपैकी लहान मुलांना अधिक धोका कोणत्या काचेचा? वर्गात विचारून पाहा. बहुतेक मुले पहिल्या काचेकडे बोट दाखवतील. खरे उत्तर बहुधा उलट आहे. ते का, हे समजण्यासाठी आधी दाराच्या आत डोकावावे लागेल.

दाराच्या आत

दाराच्या पत्र्यामागे बारा व्होल्टवर चालणारी एक छोटी मोटर असते. तिच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असतात आणि ते एका दातेरी चाकात अडकलेले असतात. मोटर वेगाने फिरते, चाक सावकाश फिरते. वेग कमी होतो आणि त्या प्रमाणात जोर वाढतो. हे चाक तारेच्या दोरीने किंवा कात्रीसारख्या पट्ट्यांनी काच वर ओढते.

या रचनेचा एक गुण महत्त्वाचा आहे. स्क्रू फिरवला तर चाक फिरते, पण चाक ढकलून स्क्रू फिरत नाही. मुळा किंवा प्रवरेच्या कालव्यावर चारीचे स्क्रूचे गेट पाहिले असेल, तर हे लगेच ध्यानात येईल. पाटकरी चाक फिरवून गेट उचलतो आणि हात काढतो. जड गेट आपल्या वजनाने खाली घसरत नाही. मोटारीची काचही अशीच जागच्या जागी राहते. म्हणून बंद काच बाहेरून कोणी दाबून उघडू शकत नाही. पण याच कारणाने, काचेत काही अडकले तर मोटर थांबली म्हणून पकड सैल होत नाही आणि हाताने दाबूनही काच खाली जात नाही. तिला खाली आणायला मोटरच उलटी फिरावी लागते.

काच तशी काही किलोग्रॅमचीच. पण रबराच्या खाचेतील घर्षण, थंडीत कडक झालेले रबर, साचलेली धूळ आणि उतरलेली बॅटरी या सर्वांना पुरून उरेल अशी मोटर बसवावी लागते. त्यामुळे काहीही आवर नसेल तर काचेची वरची कड दोनशे-तीनशे न्यूटन किंवा त्याहूनही अधिक बलाने दाबू शकते. म्हणजे वीस-तीस किलोग्रॅमचे पोते काचेच्या कडेवर ठेवल्यासारखे झाले.

मोटरला अडथळा कळतो कसा?

आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला याचे अर्धे उत्तर ठाऊक आहे. विहिरीवरच्या पंपात गाळ अडकला की स्टार्टरच्या पेटीवरील अँपिअरचा काटा वर जातो. 'मोटर लोड घेते' असे आपण म्हणतो. काटा फार वर गेला की रिले सुटून पंप बंद पडतो. पंपाची मोटर वेगळ्या प्रकारची, तीन फेजची असते. पण तिला फिरायला अडवले की ती जास्त विद्युतधारा घेते, हे काचेच्या मोटरलाही लागू आहे.

असे का होते? मोटरची गुंडाळी चुंबकांच्या क्षेत्रात फिरत असते. चुंबकीय क्षेत्रात तार फिरली की तिच्यात विभवांतर निर्माण होते, हे आपण जनित्राच्या पाठात शिकवतो. प्रत्येक फिरती मोटर ही त्याच वेळी एक जनित्रही असते, आणि तिच्यातील हे विभवांतर बॅटरीच्या विरुद्ध दिशेचे असते. मोटर जितकी वेगाने फिरेल तितके ते मोठे.

एक उदाहरण घेऊ. बॅटरी १२ व्होल्टची आहे आणि गुंडाळीचा रोध ०.६ ओहम आहे. काच मोकळी चढताना मोटरमध्ये उलट दिशेचे ९ व्होल्ट निर्माण होतात असे समजू. मग गुंडाळीच्या वाट्याला १२ उणे ९, म्हणजे ३ व्होल्ट उरतात. ओहमच्या नियमाने विद्युतधारा ३ भागिले ०.६, म्हणजे ५ अँपिअर. आता काच अडली आणि मोटरचा वेग निम्मा झाला. उलट विभवांतर ४.५ व्होल्ट उरले. विद्युतधारा झाली १२.५ अँपिअर. मोटर पूर्ण थांबली तर उलट विभवांतर शून्य आणि विद्युतधारा २० अँपिअर. म्हणजे अडथळ्याच्या दोन खुणा एकाच वेळी मिळतात. मोटरचा वेग घटतो आणि तिची विद्युतधारा वाढते. या दोन्हींपैकी एकीवर किंवा दोन्हींवर लक्ष ठेवणारा छोटा संगणक दारात बसवला, की बोट अडकल्याची वर्दी त्याला मिळू शकते.

वेग मोजण्यासाठी मोटरच्या दांड्यावर एक चुंबकीय कडे बसवतात आणि त्याच्यासमोर 'हॉल संवेदक' ठेवतात. विद्युतधारा वाहणाऱ्या पट्टीला आडवे चुंबकीय क्षेत्र लावले, तर पट्टीच्या दोन कडांमध्ये सूक्ष्म विभवांतर दिसते. हा परिणाम एडविन हॉल या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १८७९ साली शोधला. कड्यावरील उत्तर आणि दक्षिण ध्रुव आळीपाळीने समोरून जातात, तसे संवेदकाकडून ठोके येतात. ठोके मोजले की काच कुठवर आली ते कळते. दोन ठोक्यांमधील वेळ लांबला की मोटर मंदावली हे कळते. दोन संवेदक थोड्या अंतराने बसवले, तर काच चढते आहे की उतरते आहे हेही कळते.

शंभर न्यूटन आणि चार मिलिमीटर

संगणकाने काच नेमकी कधी मागे घ्यावी? यासाठी आंतरराष्ट्रीय नियम आहेत. मोटारीच्या अंतर्भागाविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा २१ क्रमांकाचा नियम आणि अमेरिकेचे ११८ क्रमांकाचे मानक या दोन्हींत एकच आकडा आहे. आपोआप मागे फिरणाऱ्या काचेने १०० न्यूटनपेक्षा अधिक बल लावण्याआधी मागे फिरले पाहिजे. १०० न्यूटन म्हणजे साधारण १० किलोग्रॅम वस्तूचे वजन. काचेची वरची कड आणि चौकट यांत ४ मिलिमीटर ते २०० मिलिमीटर फट असताना हे बंधन लागू असते. २०० मिलिमीटरमध्ये लहान मुलाचे डोके मावते, तर ४ मिलिमीटर ही फट लहान मुलाच्या बोटाहूनही अरुंद आहे. शेवटच्या ४ मिलिमीटरना सूट का? तेथे काच रबराच्या खाचेत घुसत असते आणि तेवढा जोर लावल्याशिवाय ती घट्ट बसणारच नाही.

१०० न्यूटन म्हणजे दुखणार नाही असे मात्र नाही. ४ मिलिमीटर जाडीची काच दीड सेंटिमीटर रुंदीच्या बोटावर टेकली तर ६० चौरस मिलिमीटर क्षेत्रफळावर दाब पडतो. गणित केले तर हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १७ किलोग्रॅम वजनाइतका येतो. दुखेल, वळ उठेल. पण काच पुढे रेटत राहणार नाही, हे महत्त्वाचे.

आता वेळेचा हिशेब पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या नियमातील चाचणीत जे मापक वापरतात, त्याची स्प्रिंग १ मिलिमीटर दबायला १० न्यूटन लागतात. म्हणजे १०० न्यूटन होण्याआधी काच १० मिलिमीटर सरकते. ४५ सेंटिमीटर उंचीची काच ३ सेकंदांत चढते असे धरले, तर तिचा वेग सेकंदाला १५ सेंटिमीटर. १० मिलिमीटर जायला तिला लागतो सुमारे ०.०७ सेकंद. एवढ्या वेळात संगणकाने वेग घटल्याचे ओळखायचे, मोटर थांबवायची आणि ती उलटी फिरवायची. समजा, प्रत्येक ठोक्याला काच पाऊण मिलिमीटर चढते. तर निर्णयासाठी हाताशी जेमतेम तेरा ठोके आहेत.

माणसाचे काय? एखादी अपेक्षित खूण पाहून बोट हलवायला आपल्याला साधारण ०.२ सेकंद लागतात. तेवढ्यात काच ३ सेंटिमीटर चढलेली असते. आणि गाडी चालवणाऱ्याचे डोळे तर रस्त्यावर असतात. मागच्या मुलाचा आवाज ऐकून, काय झाले ते समजून बटण सोडायला एखादा सेकंद सहज जातो. तेवढ्यात काच १५ सेंटिमीटर पुढे गेलेली असते.

बोट अडकले की धूळ अडकली?

अडथळा ओळखणे जितके अवघड, तितकेच अवघड आहे नसलेला अडथळा न ओळखणे. नगर जिल्ह्याच्या कोरड्या भागात एका उन्हाळ्यात काचेच्या खाचेत किती माती साचते ते आपण पाहतो. घर्षण वाढले की मोटर मंदावते. खड्ड्यातून गाडी आदळली की काचेला क्षणभर झटका बसतो. प्रत्येक वेळी काच मागे फिरू लागली, तर पावसात ती बंदच होणार नाही. म्हणून संगणक मागील चढ-उतारांत कोणत्या उंचीवर किती जोर लागला हे लक्षात ठेवतो आणि त्या नेहमीच्या जोराशी आत्ताच्या जोराची तुलना करतो. घर्षण महिनोन्महिने हळूहळू वाढते, बोट मात्र एकदम आडवे येते; हा फरक त्याच्या उपयोगी पडतो.

जवळपासच्या वायरीतून किंवा रेडिओ-लहरींमुळे चुकीचे ठोके आले तरीही गोंधळ होऊ शकतो. त्यामुळे आजच्या मोटारीची परीक्षा केवळ रस्त्यावर होत नाही. येथे आपल्या जिल्ह्याचा संबंध येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार नव्या वाहनाचा नमुना ज्या संस्थांकडे चाचणीसाठी द्यायचा असतो, त्यांच्या यादीत पुण्याच्या एआरएआयबरोबर नगरच्या वाहननगर येथील व्हीआरडीईचे नाव आहे. ही डीआरडीओची वाहन संशोधन संस्था. 'नॅट्रिप' या राष्ट्रीय प्रकल्पात विद्युतचुंबकीय चाचण्या, दिव्यांच्या प्रकाशाच्या चाचण्या आणि चाचणीमार्ग हे विषय नगरकडे सोपवण्यात आले. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. पण रणगाड्यांच्या आणि गाड्यांच्या चाचण्यांचे गाव ही त्याची ओळख जुनीच आहे. मोटारीतील इलेक्ट्रॉनिक भाग बाहेरच्या लहरींनी बिचकतात का, हे पाहणे हा विद्युतचुंबकीय चाचण्यांचा एक हेतू असतो.

मग धोका कोणत्या काचेचा?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. नियम करणाऱ्यांनी सर्वसाधारणपणे असा विचार केला: बटणावर बोट धरले तरच काच चढत असेल, तर बोट धरणारा माणूस तिच्यावर लक्ष ठेवील आणि गरज पडताच बोट काढील. म्हणून गाडी चालू असताना अशा काचेला मागे फिरण्याची सक्ती नाही. बटण सोडले तरी काच चढणार असेल, तर माणसाची राखण संपली. तेथे यंत्राने राखण केली पाहिजे. म्हणजे आपोआप चढणे आणि आपोआप मागे फिरणे या दोन गोष्टी जोडीने येतात.

परिणाम असा, की पुष्कळ गाड्यांत ही जोडी फक्त चालकाच्या दाराला असते. स्वस्त गाड्यांत तीही नसते. तेथे 'एका स्पर्शाने' काच फक्त खाली जाते. मागच्या दारांच्या काचा, जेथे मुले बसतात, त्या बोट धरून चढणाऱ्या साध्या काचा असतात. जिच्याशेजारी प्रौढ माणूस बसतो ती काच बोट ओळखते, आणि जिच्याशेजारी मूल बसते ती काच ओळखत नाही. अमेरिकेत सर्वच काचांना मागे फिरण्याची सक्ती करावी का, याचा विचार २००८ च्या एका कायद्याने तेथील वाहतूक-सुरक्षा खात्याला करायला लावला. २०११ मध्ये त्या खात्याने अशी सक्ती न करण्याचे ठरवले.

बटणाच्या आकाराने मात्र तेथे फरक पडला. जुन्या पद्धतीचे बटण झुलत्या पाळण्यासारखे असे; एक बाजू दाबली की काच खाली, दुसरी दाबली की वर. मूल आसनावर गुडघे टेकून बाहेर डोकावत असेल आणि त्याचा गुडघा बटणावर पडला, तर काच त्याच्याच मानेवर चढे. २००५ च्या कायद्याने अमेरिकेत असा नियम आणायला लावला, की बटण वर ओढले तरच काच चढावी. गुडघ्याने बटण दबू शकते, ओढले जात नाही. साध्या आकाराने किती काम होते याचे हे उत्तम उदाहरण आहे. आज आपल्याकडच्याही अनेक गाड्यांत ओढायचे बटण दिसते.

पण चालकाच्या दारावरील बटणांना हा उपाय पुरत नाही. भंडारदऱ्याच्या रस्त्याला पावसाळी सहलीची गाडी चालली आहे. मागे मुले खिडकीतून डोके बाहेर काढून धबधबे पाहत आहेत. सर आली, आणि चालकाने मागे न बघता चारही काचांची बटणे ओढून धरली. अशा वेळी मागच्या काचेपाशी ना यंत्राची राखण असते, ना माणसाची. मानेवर दाब पडून मेंदूचा रक्तपुरवठा थांबला, तर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. मूल ओरडूही शकत नाही.

वर्गात करण्याजोगे

१. दोन कोरडे घट, खेळण्यातील छोटी मोटर आणि विजेरीचा बल्ब एकसरीत जोडा. मोटर मोकळी फिरत असताना बल्ब मंद असतो. मोटरच्या दांड्यावर खोडरबर टेकवून तिला क्षणभर अडवा, बल्ब उजळतो. प्रयोगशाळेत अँमीटर असेल तर तोही जोडून दोन्ही नोंदी घ्या. मोटर जास्त वेळ अडवून धरू नका, ती तापते. मुलांना विचारा: या बल्बच्या जागी संगणक असता तर त्याने काय ठरवले असते?

२. एकाने ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरावी. दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी अंगठा आणि बोट उघडे ठेवावे. पहिल्याने न सांगता पट्टी सोडावी, दुसऱ्याने पकडावी. पट्टी १५ सेंटिमीटर पडली तर वेळ ०.१८ सेकंद, २० सेंटिमीटरला ०.२० आणि २५ सेंटिमीटरला ०.२३ सेकंद. या वेळेला १५ ने गुणा. तेवढे सेंटिमीटर काच चढलेली असेल. मग हाच प्रयोग मुलाला पाढे म्हणायला लावून करा आणि आकडे किती वाढतात ते पाहा.

३. वजनकाट्यावर तळहाताने १० किलोग्रॅम येईपर्यंत दाबा. १०० न्यूटन म्हणजे किती, हे हाताला कळते.

पालकसभेत सांगण्याजोगे

मागच्या काचा बंद ठेवण्याचे कुलूप-बटण चालकाच्या दारावर असते. मुले गाडीत असताना ते लावलेले असावे. मात्र त्याने फक्त मागची बटणे बंद होतात. चालकाची बटणे चालूच राहतात. म्हणून काच चढवण्याआधी चालकाने मागे वळून पाहावे आणि 'हात आत' असे मोठ्याने म्हणावे.

गाडीतून उतरताना किल्ली बरोबर न्यावी, पाच मिनिटांसाठी उतरायचे असले तरीही. किल्ली बंद करून दार उघडल्यावर काचा चालेनाशा होतात, ही सोय मुद्दाम ठेवलेली असते. पण कोणी अडकले असेल तर याच्या उलट करावे लागते. आधी किल्ली चालू, मग बटण खाली. काच हाताने ढकलत बसू नये.

बॅटरी काढून पुन्हा बसवली की संगणक काचेची जागा विसरतो. मग अनेक गाड्यांत एका स्पर्शाने काच चढत नाही आणि अडथळाही ओळखला जात नाही. माहितीपुस्तिकेत दिल्याप्रमाणे काच पूर्ण चढवून बटण काही सेकंद धरले, की ती जागा पुन्हा शिकते. तसेच, बऱ्याच गाड्यांत बटण ओढून धरूनच ठेवले तर काच मागे फिरत नाही. काच बिघडली तरी गाडी बंद करता यावी म्हणून ही तरतूद असते.

आपल्या गाडीची काच खरोखर मागे फिरते का, हे पाहायचे असेल तर ओल्या टॉवेलची घट्ट गुंडाळी काचेच्या मार्गात धरावी, आणि तीही बाहेरच्या टोकाला. बोट घालून परीक्षा कधीही घेऊ नये. चारही दारांवर हे करून पाहिले, की कोणत्या काचा राखण करतात आणि कोणत्या करत नाहीत याची यादी घरच्या घरी तयार होते. मुलांना ही यादी करून आणायला सांगावी. वर्गातील सर्व याद्या एकत्र केल्या, तर गावातील किती गाड्यांच्या मागच्या काचा बोट ओळखतात हे फळ्यावर मांडता येईल.